चालू कर्नेल आणि त्याचेच हेडर : बाहेरचा ड्रायव्हर बांधताना

बेळगावच्या उद्यमबागेत एका छोट्या कारखान्यातील संगणकाची देखभाल मी काही वर्षांपासून पाहतो. तिथे दोन सीएनसी लेथ आणि एक जुने मिलिंग मशीन आहे, आणि या संगणकाचे काम म्हणजे तयार झालेले प्रोग्रॅम आरएस-२३२ केबलने मशीनच्या कंट्रोलरकडे पाठवणे. त्यासाठी त्यात आठ पोर्टांचे सिरीयल कार्ड बसवले आहे. कार्डाचा ड्रायव्हर लिनक्स कर्नेलसोबत, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यासोबत, येत नाही. कार्डासोबत मिळालेल्या सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, तो बांधून (कंपाइल करून) घ्यावा लागतो. एके दिवशी सकाळच्या पाळीला फोरमनकाकांचा फोन आला, "सर, काल संध्याकाळपर्यंत चालत होतं की ओ, आज एक पण मशीन फाईल घेईना." रात्री कोणीतरी संगणक बंद केला होता आणि सकाळी सुरू केला होता, बाकी काही नाही. पण कित्येक दिवस डिस्कवर नुसताच पडून असलेला नवा कर्नेल त्या निमित्ताने प्रथमच चालू झाला, आणि जुन्या कर्नेलसाठी बांधलेला ड्रायव्हर जुन्याच्या फोल्डरात राहिला.

त्या दिवशी जे करावे लागले आणि पुढे पुन्हा करावे लागू नये म्हणून जी व्यवस्था लावली, ती इथे क्रमाने लिहिली आहे. उदाहरणे डेबियन १२ मधील आहेत, कारण त्या संगणकावर तेच आहे. उबुंटू आणि फेडोरा वापरणाऱ्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर मात्र ती रोमन अक्षरांतच टंकावीत. जिथे कॅपिटल अक्षर लागते तिथे वेगळा उल्लेख केला आहे, कारण लिनक्समध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरक जीवघेणा असतो.

आधी एक पथ्य

ड्रायव्हर बांधायला बसण्यापूर्वी त्याची खरोखर गरज आहे का, हे पाहावे. 'एलएसपीसीआय -के' ही आज्ञा दिली की प्रत्येक कार्डासमोर कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते दिसते. अनेक पोर्टांची बरीच सिरीयल कार्डे कर्नेलमधील मूळ ८२५० ड्रायव्हरच सांभाळतो, आणि सोबतच्या सीडीवर सोर्स आहे म्हणून लोक तो विनाकारण बांधत बसतात. कर्नेलच्या झाडात असलेला ड्रायव्हर कर्नेलबरोबरच बांधला जातो आणि कर्नेलबरोबरच बदलतो, त्यामुळे पुढे वर्णन केलेली एकही अडचण त्याला येत नाही. आमच्या कार्डासमोर ती ओळ रिकामी होती, म्हणून पुढचा खटाटोप.

नेमके काय जुळवायचे असते

कारखान्यातील माणसाला हे सांगताना मी ड्रॉइंगच्या रिव्हिजनचे उदाहरण देतो. फ्लँजच्या एका रिव्हिजनमध्ये भोकांचा पीसीडी (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) ८० मिलिमीटर असेल आणि पुढच्या रिव्हिजनमध्ये तो ८४ झाला असेल, तर जुन्या ड्रॉइंगवर केलेला जॉब मापात कितीही अचूक असला तरी नव्या पार्टवर बसत नाही, आणि त्यात टर्नरची काहीच चूक नसते. कर्नेलचे हेडर म्हणजे असेच ड्रॉइंग. कर्नेलच्या आतील रचनांमध्ये कोणता घटक कितव्या बाइटवर आहे आणि कोणते फंक्शन कोणते आर्ग्युमेंट घेते, हे त्यात लिहिलेले असते. ड्रायव्हर बांधताना कंपायलर ही मापे हेडरमधून उचलतो आणि तयार होणाऱ्या '.केओ' फाइलमध्ये (हेच मॉड्यूल, चालू कर्नेलमध्ये घालता येणारा तुकडा) नुसते आकडे म्हणून कायमची बसवून टाकतो.

एक माप जवळून पाहू. नेहमीच्या ६४ बिटी कर्नेलमध्ये स्पिनलॉक (एकाच माहितीला एकाच वेळी दोघांनी हात लावू नये म्हणून असलेले कुलूप) ४ बाइटांचा असतो. रिअल-टाइम कर्नेलमध्ये, म्हणजे प्रीएम्प्ट-आरटी चालू करून बांधलेल्या कर्नेलमध्ये, तोच स्पिनलॉक आरटी-म्युटेक्स या दुसऱ्या प्रकारच्या कुलपावर उभारलेला असल्यामुळे बराच मोठा होतो. म्हणजे ज्या रचनेच्या पोटात स्पिनलॉक आहे तिच्यात त्याच्यामागचा प्रत्येक घटक पुढे सरकतो. साध्या कर्नेलच्या हेडरवर बांधलेला ड्रायव्हर रिअल-टाइम कर्नेलमध्ये घुसला, तर तो बफरचा पत्ता समजून लॉकच्या मधल्या बाइटांवर लिहील. दोन्ही कर्नेलांचा आवृत्ती क्रमांक एकच असला तरी हे घडते, म्हणून फक्त क्रमांक पाहून जुळणी ठरत नाही. कर्नेल कोणत्या पर्यायांनी बांधला हेही जुळावे लागते.

कर्नेल ही आतील मापे स्थिर ठेवण्याचे वचन देत नाही, आणि हे जाणूनबुजून आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमांना दिसणारा सिस्टिम कॉलचा पृष्ठभाग स्थिर ठेवला जातो, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी बांधलेला साधा प्रोग्रॅम आजही चालू शकतो. आतील पृष्ठभाग मात्र सुधारणेसाठी मोकळा ठेवला आहे. याच कारणाने हेडरही दोन प्रकारचे असतात, आणि सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. डेबियनमधील 'लिनक्स-लिबसी-डेव्ह' आणि फेडोरामधील 'कर्नेल-हेडर्स' ही पॅकेजे बाहेरच्या पृष्ठभागाची, म्हणजे साध्या प्रोग्रॅमांसाठीची आहेत. ड्रायव्हरसाठी डेबियनमध्ये 'लिनक्स-हेडर्स' आणि फेडोरामध्ये 'कर्नेल-डेव्हल' लागते. फेडोरामधील नाव इतके फसवे आहे की 'हेडर टाकले तरी चालत नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

चालू काय आहे ते आधी पाहणे

पहिली आज्ञा ही:

युनेम -आर

उत्तर येते ते चालू असलेल्या कर्नेलचे, डिस्कवर सर्वांत शेवटी बसवलेल्या कर्नेलचे नव्हे. समजा उत्तर '६.१.०-१८-आरटी-एएमडी६४' असे आले. यात ६.१ ही मूळ मालिका, १८ हा डेबियनचा स्वतःचा क्रमांक, 'आरटी' म्हणजे रिअल-टाइम प्रकार आणि शेवटी प्रोसेसरची जात. हे सगळे जसेच्या तसे हेडरच्या नावात यायला हवे. कारखान्यातला संगणक पाळी चालू असताना कोणी रीस्टार्ट करू देत नाही, त्यामुळे अपडेट होऊनही जुनाच कर्नेल आठवडेच्या आठवडे चालत राहतो. अशा अवस्थेत फक्त 'लिनक्स-हेडर्स-एएमडी६४' असे क्रमांकाविना नाव दिले तर सर्वांत नव्या कर्नेलचे हेडर येतात, आणि चालू कर्नेल मागेच राहतो.

म्हणून क्रमांक हाताने न लिहिता आज्ञेलाच तो काढायला लावावा:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल लिनक्स-हेडर्स-$(युनेम -आर)

असे पॅकेज सापडत नाही, असे उत्तर आले तर त्याचा अर्थ बहुधा असा असतो की भांडारातून तो जुना क्रमांक काढून टाकला गेला आहे. अशा वेळी जुने हेडर इकडून तिकडून शोधत फिरण्यापेक्षा कर्नेल आणि हेडर दोन्ही एकत्र नवे करून पाळी संपल्यावर रीस्टार्ट करणे हाच सरळ मार्ग आहे. रीस्टार्ट करणे शक्यच नसेल तर डेबियनच्या स्नॅपशॉट भांडारात जुनी पॅकेजे तारखेनुसार मिळतात. जवळपास जाणाऱ्या क्रमांकाचे हेडर आणून काम भागवण्याचा विचार मात्र सोडून द्यावा.

पावसाळ्यात खानापूरपलीकडे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला नेटचा भरवसा धरता येत नाही. तिकडच्या एखाद्या संगणकासाठी पॅकेजे पेन ड्राइव्हवर न्यायची असतील तर एक पॅकेज पुरत नाही. डेबियनमध्ये प्रकारानुसार असलेले हेडर, त्याच क्रमांकाचे 'कॉमन' पॅकेज, 'लिनक्स-केबिल्ड-६.१' आणि जीसीसी १२ हा कंपायलर असा सगळा संच लागतो, आणि एक राहिले तरी दुसरे बसत नाही. निघण्यापूर्वी डेबियनच्या त्याच आवृत्तीच्या एखाद्या संगणकावर संच पूर्ण आहे याची खात्री करून घ्यावी. चाळीस किलोमीटर जाऊन एका फाइलीसाठी परत येण्याचा अनुभव मला आहे.

हेडर बसले याची खात्री

एलएस -एल /लिब/मॉड्यूल्स/$(युनेम -आर)/बिल्ड

'बिल्ड' ही एक लिंक असते आणि ती '/यूएसआर/एसआरसी' मधील हेडरच्या फोल्डरकडे बोट दाखवते. लिंकच नसेल तर हेडर बसलेले नाहीत. लिंक आहे पण ती दुसऱ्याच नावाच्या फोल्डरकडे जाते, असे दिसले तर कोणीतरी हाताने केलेली आहे असे समजावे. आमच्याकडे नेमके हेच निघाले. मी पोहोचण्यापूर्वी आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या एका हुशार मुलाने स्वतः प्रयत्न करून पाहिला होता. त्याने साध्या 'एएमडी६४' कर्नेलचे हेडर बसवले. मेक (बांधणी चालवणारा प्रोग्रॅम) तक्रार करू लागला की 'आरटी'च्या फोल्डरात 'बिल्ड' नाही, तेव्हा त्याने लिंक बनवून ती साध्या हेडरकडे जोडून दिली. बांधणी एकही चूक न दाखवता पार पडली, आणि त्याला वाटले काम झाले. हेडरच्या बाबतीत बांधणी यशस्वी होणे हा जुळणीचा पुरावा नसतो, हे त्याला मी त्याच्याच फाइलीवर दाखवले.

लिंक ठीक असेल तर त्या फोल्डरातील 'इन्क्लूड/जनरेटेड/यूटीएसरिलीज.एच' ही फाइल उघडून पाहावी. तिच्यात एकच कामाची ओळ असते आणि तिच्यातील नाव 'युनेम -आर'च्या उत्तराशी अक्षरशः जुळले पाहिजे. त्याच फोल्डरात 'मॉड्यूल.सिमव्हर्स' नावाची फाइल असावी (पहिला 'एम' कॅपिटल). कर्नेल बाहेरच्या मॉड्यूलांना जी फंक्शने वापरू देतो त्यांची यादी आणि प्रत्येकाची सीआरसी (त्याच्या रूपावरून काढलेला तपासणीचा आकडा) तिच्यात असते. मूळ कर्नेल सोर्स उतरवून घेऊन त्यातील हेडर वापरू पाहणाऱ्यांकडे नेमकी हीच फाइल नसते, कारण ती कर्नेल पूर्ण बांधल्यावरच तयार होते. शिवाय वितरकाने लावलेले पॅच त्या सोर्समध्ये नसतात, म्हणून तो मार्ग डेबियनच्या कर्नेलसाठी घेऊच नये.

तिसरा घटक कंपायलर. 'कॅट /प्रॉक/व्हर्जन' केल्यावर चालू कर्नेल कोणत्या जीसीसीने बांधला ते दिसते. डेबियन १२ मध्ये कर्नेल आणि नेहमीचा कंपायलर दोन्ही जीसीसी १२ चे असल्यामुळे प्रश्न येत नाही. उबुंटू २२.०४ मध्ये नेहमीचा जीसीसी ११ आहे, पण एचडब्ल्यूई या, नव्या हार्डवेअरसाठी नवे कर्नेल देणाऱ्या, शाखेतून आलेला ६.५ कर्नेल जीसीसी १२ ने बांधलेला होता. त्यामुळे 'एफ-ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट' हा पर्याय ओळखत नाही, अशी तक्रार करून बांधणी थांबत असे. तिथे उपाय एवढाच की जीसीसी-१२ हे पॅकेज बसवून मेकला 'सीसी=जीसीसी-१२' असे सांगावे, 'सीसी' कॅपिटल.

लहान मॉड्यूलने परीक्षा

निर्मात्याचा हजारो ओळींचा सोर्स बांधायला घेण्यापूर्वी दहा ओळींचे मॉड्यूल बांधून पाहावे. त्याने हेडर चुकले आहेत की सोर्स जुना आहे, हे दोन प्रश्न वेगळे होतात. अशा मॉड्यूलमध्ये सुरुवातीचे एक फंक्शन, शेवटचे एक फंक्शन, प्रत्येकात एक छापील ओळ आणि खाली परवान्याची ओळ एवढेच असते. परवाना न लिहिल्यास बांधणी शेवटच्या टप्प्यावर थांबते. मेकफाइलमध्ये बांधणीसाठी लागते ती ओळ एवढीच:

ऑब्ज-एम += चाचणी.ओ

इथे 'चाचणी' हे उदाहरणापुरते. प्रत्यक्षात फाइलीचे नाव रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता द्यावे. ज्या फोल्डरात बसून बांधायचे त्याच्या मार्गातही कुठे मोकळी जागा नसावी, म्हणजे डेस्कटॉपवरील 'न्यू फोल्डर'मध्ये हा उद्योग करू नये. बांधणीची आज्ञा अशी:

मेक -सी /लिब/मॉड्यूल्स/$(युनेम -आर)/बिल्ड एम=$पीडब्ल्यूडी मॉड्यूल्स

यात 'सी', 'एम' आणि 'पीडब्ल्यूडी' ही अक्षरे कॅपिटल आहेत. आज्ञा असे सांगते की कर्नेलच्या फोल्डरात जाऊन तिथले नियम वापर, पण बांधायचा सोर्स माझ्या फोल्डरातला घे. जुन्या सोर्समध्ये 'एम'ऐवजी 'सबडिर्स' लिहिलेले आढळते. ते रूप नव्या कर्नेलांतून काढून टाकले आहे. मेकफाइलमध्ये स्वतःच्या आज्ञा लिहिल्या असतील तर त्या ओळींची सुरुवात टॅबने झाली पाहिजे. कोणी व्हॉट्सॲपवरून पाठवलेली मेकफाइल चिकटवली की टॅबच्या जागा स्पेसने भरल्या जातात आणि मेक 'मिसिंग सेपरेटर' म्हणून रुसतो. 'व्हीएमलिनक्स' नसल्यामुळे बीटीएफ वगळले, अशी एक सूचना शेवटी दिसते. तिच्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते.

फाइल तयार झाली की ती आत घालण्यापूर्वी तिच्यावरचा शिक्का वाचावा:

मॉडइन्फो -एफ व्हर्मॅजिक चाचणी.केओ
मॉडइन्फो -एफ व्हर्मॅजिक यूएसबीसिरीयल

'एफ' कॅपिटल. दुसरी आज्ञा कर्नेलसोबतच आलेल्या एका मॉड्यूलचा शिक्का दाखवते, आणि दोन्ही ओळी अगदी सारख्या असल्या पाहिजेत. त्या मुलाने बांधलेल्या फाइलीवर '६.१.०-१८-एएमडी६४ एसएमपी प्रीएम्प्ट' असे होते आणि मूळ मॉड्यूलवर '६.१.०-१८-आरटी-एएमडी६४ एसएमपी प्रीएम्प्ट_आरटी' असे. हा एका मिनिटाचा तपास त्याने केला असता तर निम्मा दिवस वाचला असता. अर्थात त्याला तो कोणी सांगितलाच नव्हता.

नकाराचे अर्थ लावणे

'सुडो इन्समॉड' करून मॉड्यूल कर्नेलमध्ये घातल्यावर टर्मिनलवर येणारा संदेश बहुतेक वेळा निरुपयोगी असतो. 'इन्व्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' एवढेच वाचून फाइल खराब झाली असे समजू नये. खरे कारण 'सुडो डीमेसेज'च्या शेवटच्या ओळींत असते. कर्नेल बांधताना सिम्बॉलांच्या (मॉड्यूलांना वापरू दिलेल्या फंक्शनांसारख्या नावांच्या) आवृत्त्या तपासण्याची सोय चालू ठेवलेली असेल, जशी डेबियनमध्ये असते, तर तिथे 'मॉड्यूल_लेआउट या सिम्बॉलच्या आवृत्तीबाबत मतभेद' अशा अर्थाची इंग्रजी ओळ सापडते. अशा कर्नेलमध्ये मॉड्यूलकडे स्वतःच्या सीआरसी असतील तर शिक्क्यातील आवृत्तीचे पहिले पद तुलनेत धरलेच जात नाही, आणि भिस्त प्रत्येक सिम्बॉलच्या सीआरसीवर असते. ही सोय बंद असलेल्या कर्नेलवर मात्र 'व्हर्जन मॅजिक अमुक आहे, तमुक हवे' अशी दोन्ही शिक्के शेजारी ठेवणारी ओळ येते. दोन्हींचा निष्कर्ष एकच: हेडर या कर्नेलचे नाहीत, बांधलेले सगळे 'मेक क्लीन'ने पुसून योग्य हेडरवर पुन्हा बांधावे. अर्धवट जुन्या '.ओ' फाइली राहू देऊ नयेत.

'अननोन सिम्बॉल' हा निराळा प्रकार आहे. तिथे हेडर बरोबर असूनही ज्या दुसऱ्या मॉड्यूलवर हे मॉड्यूल अवलंबून आहे ते आत नसते. इन्समॉड अवलंबित्व पाहत नाही. फाइल जागेवर ठेवून 'डेपमॉड -ए' केल्यावर 'मॉडप्रोब' ते काम करतो. कधी कधी परवाना जीपीएल नसल्यामुळेही कर्नेल काही सिम्बॉल नाकारतो.

मॉडप्रोबला 'फोर्स' हा पर्याय आहे आणि तो शिक्का व सीआरसी यांची तपासणी ओलांडून मॉड्यूल आत ढकलू पाहतो. वर स्पिनलॉकची मापे दिली ती याच्यासाठीच. लेथवर जॉब फिरत असताना ज्या संगणकाने पुढची ओळ पाठवायची आहे, त्याच्या मेमरीत चुकीच्या जागी लिहिण्याची मुभा कोणी देऊ नये.

'की' नाकारली गेली असा संदेश आला तर प्रश्न हेडरचा नसून सिक्युअर बूटचा, म्हणजे फक्त सही असलेला कोड चालू देण्याच्या व्यवस्थेचा, असतो. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' केल्यावर तो चालू आहे का ते कळते. डेबियन १२ मधील डीकेएमएस (नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर आपोआप बांधणारी व्यवस्था, ती पुढे येईल) स्वतःची किल्ली '/व्हार/लिब/डीकेएमएस/मोक.पब' येथे तयार करते. ती 'मोकयुटिल --इम्पोर्ट'ने नोंदवून रीस्टार्ट केल्यावर निळ्या पडद्यावर पासवर्ड विचारला जातो. त्या पडद्यावर मराठी किंवा कन्नड इन्स्क्रिप्ट कीबोर्ड नसतो, तेव्हा पासवर्ड साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत ठेवावा.

हेडर बरोबर, सोर्स जुना

लहान मॉड्यूल बिनतक्रार आत गेले आणि कार्डाचा सोर्स तरीही बांधला जात नाही, असे झाले तर आतील मापे बदलली पण सोर्स तिथेच राहिला, असे समजावे. आमचा सोर्स डेबियन ११ च्या ५.१० कर्नेलवर व्यवस्थित बांधला जात होता, पण आधी डेबियन १२ वर आलो तेव्हा ६.१ वर त्याने ओळीने चुका दाखवल्या होत्या. सिरीयल ड्रायव्हर टीटीवाय या, टर्मिनल आणि सिरीयल पोर्ट सांभाळणाऱ्या, उपव्यवस्थेवर उभा असतो आणि मधल्या काळात तिच्यात बरेच बदल झाले. ५.१४ पासून 'राइट_रूम' हे फंक्शन 'इंट'ऐवजी 'अनसाइन्ड इंट' परत करते. ५.१५ मध्ये 'अलॉक_टीटीवाय_ड्रायव्हर' गेले आणि 'टीटीवाय_अलॉक_ड्रायव्हर' वापरावे लागले. ६.१ मध्ये 'सेट_टर्मिऑस'ला मिळणारी जुनी सेटिंग 'कॉन्स्ट' झाली. पहिला आणि तिसरा बदल वाचायला क्षुल्लक वाटतात, पण फंक्शनच्या पॉइंटरचा प्रकार जुळत नसेल तर कर्नेलची बांधणी सूचना देऊन पुढे जात नाही, तिथेच थांबते.

दुरुस्ती करताना जुने रूप पुसून टाकू नये. 'लिनक्स_व्हर्जन_कोड' या आकड्याची 'कर्नेल_व्हर्जन(५,१४,०)' अशा आकड्याशी तुलना करून दोन्ही रूपे जवळजवळ ठेवावीत, म्हणजे एकच सोर्स जुन्या आणि नव्या दोन्ही कर्नेलांवर चालतो. ही दोन्ही नावे पूर्ण कॅपिटल अक्षरांत लिहायची असतात. रेड हॅटच्या एंटरप्राइझ कर्नेलवर मात्र ही तुलना फसवते, कारण तिथे जुन्या क्रमांकाच्या कर्नेलमध्ये नवे बदल मागून आणून बसवलेले असतात; तिथे प्रत्यक्ष हेडर उघडून फंक्शनचे रूप वाचावे लागते. मला स्वतःला क्रमांकावर विसंबण्यापेक्षा तशी सवय सगळीकडेच बरी वाटते. 'ग्रेप' करून 'टीटीवाय_ड्रायव्हर.एच' पाहायला जितका वेळ लागतो त्याच्या दसपट वेळ चुकीच्या उत्तरांचा शोध घेण्यात जातो.

पुढच्या अपडेटची सोय

एवढे करून मॉड्यूल चालू झाले तरी पुढचा कर्नेल आला की सगळे पुन्हा. त्यासाठी डीकेएमएस आहे. नवा कर्नेल बसवला जात असतानाच ती नोंदवलेले सोर्स त्या कर्नेलसाठी बांधून योग्य फोल्डरात ठेवते. सोर्स '/यूएसआर/एसआरसी/पोर्ट८-१.०' अशा नाव-आवृत्तीच्या फोल्डरात ठेवावा आणि त्यात 'डीकेएमएस.कॉन्फ' नावाची फाइल लिहावी. तिच्यात पॅकेजचे नाव, आवृत्ती, तयार होणाऱ्या मॉड्यूलचे नाव, ते ठेवायची जागा आणि 'ऑटोइन्स्टॉल="येस"' या ओळी असतात. नंतर:

सुडो डीकेएमएस ॲड -एम पोर्ट८ -व्ही १.०
सुडो डीकेएमएस इन्स्टॉल -एम पोर्ट८ -व्ही १.०

बांधणी फसली तर '/व्हार/लिब/डीकेएमएस/पोर्ट८/१.०/बिल्ड/मेक.लॉग' वाचावा.

इथे दोन सापळे आहेत, आणि दुसरा मला फार उशिरा कळला. पहिला असा की डीकेएमएसला नव्या कर्नेलचे हेडर नव्या कर्नेलबरोबरच मिळाले पाहिजेत. आपण आधी क्रमांकासह हेडर बसवले होते ते त्या एकाच कर्नेलपुरते. त्यामुळे आता क्रमांकाविना असलेले 'लिनक्स-हेडर्स-आरटी-एएमडी६४' हे पॅकेजही बसवावे, म्हणजे पुढचे हेडर आपोआप येत राहतात. सुरुवातीला ज्या क्रमांकाविना नावापासून सावध राहायला सांगितले तसेच नाव इथे हवे आहे, कारण इथे काम चालू कर्नेलचे नसून येणाऱ्या कर्नेलचे आहे.

दुसरा सापळा निर्मात्याच्या मेकफाइलमध्ये असतो. तिच्यात 'युनेम -आर' थेट लिहिलेले असेल तर ती नेहमी चालू कर्नेलसाठीच बांधते. अपडेटच्या वेळी चालू असतो जुना कर्नेल आणि बांधायचे असते नव्यासाठी. मग जुन्या हेडरवर बांधलेली फाइल नव्या कर्नेलच्या फोल्डरात जाऊन बसते, डीकेएमएसला सर्व आलबेल वाटते, आणि भांडे फुटते ते पुढच्या रीस्टार्टला. मेकफाइलमध्ये ती ओळ 'केव्हर ?= $(शेल युनेम -आर)' अशी करून 'डीकेएमएस.कॉन्फ'मधील मेकच्या ओळीत 'केव्हर=$कर्नेलव्हर' असे द्यावे. 'केव्हर' हे आपण दिलेले नाव आहे, पण 'कर्नेलव्हर' हे डीकेएमएसचे आहे आणि ते लहान अक्षरांतच लिहावे.

ज्या संगणकाला नेटचे तोंडही दाखवले जात नाही, तिथे मी डीकेएमएसच्या जोडीला 'ॲप्ट-मार्क होल्ड' लावून कर्नेल आणि हेडर दोन्ही गोठवतो. नेटवर असलेल्या संगणकावर ते करू नये. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याने अडतात. कर्नेल एकटा गोठवून हेडर मोकळे सोडणे तर कुठेच करू नये. आणि अपडेट यूपीएसवरच घ्यावे. मध्येच वीज गेली तर सुरू झाल्यावर प्रथम 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' करावे आणि मगच डीकेएमएसकडे वळावे.

हे सगळे बसवल्यावर पुढचा कर्नेल येईपर्यंत मी थांबलो. तो आला त्या संध्याकाळी रीस्टार्टपूर्वी 'डीकेएमएस स्टेटस' पाहिले तर दोन्ही कर्नेलांसमोर 'इन्स्टॉल्ड' होते. 'मॉडइन्फो'ला 'के'च्या पर्यायाने नव्या कर्नेलचे नाव देऊन शिक्काही वाचला, तो नव्याचाच होता. पाळी संपल्यावर संगणक रीस्टार्ट केला, 'एलएसमॉड'मध्ये पोर्ट८ दिसले, आणि फोरमनकाकांनी पहिल्या लेथला एक छोटी फाईल पाठवून कंट्रोलरच्या पडद्यावर ओळी उतरताना पाहिल्या.